पहिल्या गाण्याच्या प्रसिद्धीची तयारी : सांगली-मिरजेतील रॉक बँडसाठी

मास्टरिंग, म्हणजे ध्वनिमुद्रणावरचा शेवटचा हात, होऊन अंतिम फाइल हाती आली की ती त्याच रात्री सगळीकडे टाकावी, अशी ओढ बँडमधल्या प्रत्येकाला लागते. ती ओढ किमान सहा आठवडे आवरून धरावी, कारण पहिल्या गाण्याच्या प्रसिद्धीचे बहुतेक काम प्रकाशनाच्या दिवसाआधीच उरकावे लागते. फाइल पक्की मानण्यापूर्वी एक चाचणी मात्र जरूर करावी. ज्याने गाणे एकदाही ऐकलेले नाही अशा माणसाला ते साध्या मोबाइलवर ऐकवून शब्द लिहून काढायला सांगावे. मराठी श्रोता शब्दांना धरून गाणे ऐकतो, आणि गिटारच्या गजरात अंतऱ्याच्या दोन ओळी बुडत असतील तर त्या प्रसिद्धीने वर येणार नाहीत. तेव्हा पुन्हा मिक्सिंगला, म्हणजे आवाज आणि वाद्ये यांचा तोल जुळवायला, बसण्याचा खर्च सोसावा.

त्यानंतर तारीख ठरवावी आणि तिथून मागे मोजत यावे. २०१५ पासून जगभर नवे संगीत शुक्रवारी प्रकाशित करण्याचा रिवाज पडला आहे आणि तो पाळायला हरकत नाही, पण कोणता शुक्रवार, हे आपल्या शहराचे वेळापत्रक पाहूनच ठरवावे. विद्यापीठाच्या परीक्षा चालू असताना तुमचा हक्काचा श्रोता अभ्यासात असतो, आणि गणेशोत्सवात गल्लोगल्ली मंडळांचे स्पीकर लागलेले असताना नव्या बँडचे गाणे कोणाच्या कानावर पडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये शहराचे लक्ष कृष्णेकडे असते. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले आहेत ती माणसे आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी विचारत असताना त्यांनी आपले गाणे ऐकावे, अशी अपेक्षा करणे मला योग्य वाटत नाही. माझ्या मते जानेवारी सर्वांत चांगला, कारण तेव्हा हवा मोकळी असते आणि महाविद्यालयांत स्नेहसंमेलनांचे वारे वाहत असते.

तारखेइतकेच महत्त्वाचे काम कागदाचे आहे, आणि नवे बँड ते मैत्रीच्या भरवशावर सोडून देतात. एका गाण्यात शब्दांचा हक्क, चालीचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क असे तीन वेगळे हक्क असतात. म्हणून शब्द कोणाचे, चाल कोणाची, ध्वनिमुद्रणाचा खर्च कोणी किती केला आणि उत्पन्नाचा वाटा कसा ठरला, हे एका कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. स्टुडिओत येऊन एकच तुकडा वाजवून गेलेल्या ढोलकीवाल्याचे किंवा बासरीवाल्याचे मानधन आणि श्रेयनाम त्याच कागदावर यावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे, हक्क दुसऱ्याच्या नावे करून दिले तरी गीतकार आणि संगीतकाराचा स्वामित्वधनातील (रॉयल्टीतील) समान वाटा अबाधित राहतो. कोणी कंपनी करार घेऊन आली तर हे कलम माहीत असलेले बरे. गीतकार व संगीतकार यांनी आयपीआरएस या, त्यांच्या वतीने स्वामित्वधन गोळा करणाऱ्या, संस्थेचे सदस्यत्व घेण्याचा अर्जही याच काळात भरावा.

बँडचे नाव स्पॉटिफायसारख्या, गाणी ऐकवणाऱ्या सर्व ऑनलाइन सेवांवर शोधून पाहावे. त्याच नावाचा दुसरा कलाकार असेल तर दोघांची गाणी एकाच पानावर जाऊन पडतात आणि ती वेगळी करण्यात अनेक दिवस जातात. नावाचे रोमन स्पेलिंग एकदाच ठरवावे आणि वितरक (म्हणजे गाणे या सेवांवर पोहोचवणारी कंपनी), यूट्यूब, इन्स्टाग्राम व पोस्टर या सर्व ठिकाणी अक्षरशः तेच वापरावे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक असतो. तो बहुतेक वितरकच देतात, पण आपल्या वहीत उतरवून ठेवावा, कारण पुढे वितरक बदलला तरी त्याच ध्वनिमुद्रणाला तोच क्रमांक लावायचा असतो. कव्हरचे चित्र तीन हजार बाय तीन हजार पिक्सेलचे चौकोनी करावे, आणि ते मोबाइलच्या पडद्यावर नखाएवढे झाल्यावरही ओळखू येते का ते पाहावे.

वितरकाकडे गाणे प्रकाशनाच्या चार आठवडे आधी पोहोचते करावे. स्पॉटिफायवर संपादकांकडे गाणे सुचवण्याची सोय केवळ अप्रकाशित गाण्यांसाठी आहे, आणि प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी सुचवले तर ते तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या यादीत जाते; ही मुदत चुकली की परत मिळत नाही. तिथे भाषा मराठी नोंदवावी आणि गाणे कोणत्या वाद्यांचे, कोणत्या गावचे व कशाबद्दलचे आहे, हे चार सरळ वाक्यांत लिहावे. तीस सेकंद ऐकल्यावरच त्या सेवेवर श्रवण मोजले जाते, म्हणून शब्दांआधी पाऊण मिनिटाची सुरावट ठेवायची की नाही, याचा विचार डोळसपणे करावा. गाण्याला ती खरोखर हवी असेल तर मी ती कापणार नाही. २०२४ पासून एका वर्षात हजार श्रवणे झाल्याशिवाय तिथे गाण्याचे पैसे सुरू होत नाहीत. तरीही श्रवणे विकत देणाऱ्यांच्या वाटेला कधीही जाऊ नये. कृत्रिम आकडे पकडले गेले की वितरकाला दंड बसतो आणि गाणे काढूनही टाकले जाऊ शकते. शिवाय त्या आकड्यांमागे तुमच्या कार्यक्रमाला येणारा एकही माणूस नसतो.

खरी माणसे आपल्या आसपासच शोधावी लागतात, आणि या कामाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. बँडच्या प्रत्येकाने वही घेऊन आपल्या ओळखीच्या, खरोखर गाणी ऐकणाऱ्या माणसांची नावे लिहावीत आणि प्रकाशनाच्या आठवड्यात त्यांना एकेकट्याला, नावाने हाक मारून संदेश पाठवावा. गटात टाकलेली लिंक कोणाचीच नसते. विश्रामबागेतील महाविद्यालयांच्या सांस्कृतिक प्रतिनिधींना महिनाभर आधी भेटावे. वृत्तपत्रांच्या सांगली कार्यालयांत एक पानाचे पत्रक मराठीत, शुद्ध लिहून, स्वतः नेऊन द्यावे. सोबत आडव्या छायाचित्राची मोठी फाइल आणि डावीकडून उजवीकडे नावे द्यावीत. आकाशवाणीच्या सांगली केंद्रालाही रीतसर पत्र लिहावे. रॉक म्हटल्यावर तिथे कोण ऐकणार, असे आपणच आधी ठरवू नये.

हे शहर ऐकणाऱ्यांचे आहे, याचा विसर पडू देऊ नये. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली नाटक उभे केले ते याच सांगलीत, आणि शेजारच्या मिरजेत घडणाऱ्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तुमच्या गाण्यात तंबोऱ्याचा षड्ज असेल आणि वाद्य मिरजेचे असेल, तर कारागिराची परवानगी घेऊन त्याच्या कामाचे चित्रण करावे आणि त्याचे नाव श्रेयनामावलीत ठळक द्यावे. गाण्याविषयी सांगण्यासारखी इतकी खरी गोष्ट बाहेरून आणता येत नाही. कारागिराला फक्त शोभेची पार्श्वभूमी म्हणून मात्र वापरू नये.

पहिल्या जाहीर कार्यक्रमासाठी बंदिस्त सभागृह घ्यावे. खुल्या जागेसाठी पोलिसांची ध्वनिक्षेपकाची परवानगी लागते, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवावे लागतात, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल असल्यामुळे ड्रमसह वाजवणाऱ्या बँडला ती पाळणे जवळजवळ अशक्य आहे. साउंडवाल्याला वाद्यांची यादी आणि मंचावरील जागांचा आराखडा आठवडाभर आधी द्यावा. मंडपाच्या कामाची सवय असलेल्या माणसाला बेस गिटार आणि किक ड्रम कसे वेगळे ऐकू यायला हवेत, हे संदर्भाचे ध्वनिमुद्रण ऐकवून, आदराने समजावून सांगावे. तो आपल्या कामात तयार असतो. त्याला फक्त तुमचा आवाज नवा असतो.

व्हिडिओसाठी उसने पैसे काढू नयेत. शब्द देवनागरीत दाखवणारा साधा व्हिडिओ आणि तालमीच्या खोलीतल्या तीन-चार छोट्या रील पहिल्या गाण्याला पुरेशा आहेत; त्या आधीच तयार करून ठेवाव्यात.

प्रकाशनाच्या दिवशी सर्व सेवांवर गाणे उघडून नावे, श्रेय आणि चित्र तपासावे, आणि संध्याकाळी आलेल्या प्रत्येक प्रतिक्रियेला उत्तर द्यावे. हे काम एकाच्या गळ्यात न घालता वाटून घ्यावे. पहिल्या आठवड्यात आकडे दिवसातून एकदाच पाहावेत. ज्यांनी गाणे पुढे पाठवले, ज्यांनी बातमी छापली, ज्यांनी सभागृहात खुर्च्या लावल्या, त्यांची नावे त्याच वहीत लिहून महिन्याच्या आत प्रत्येकाला फोन करावा. वितरकाचा पहिला हिशेब यायला दोन-तीन महिने लागतात. तो आल्यावर सह्यांच्या कागदाप्रमाणे, रक्कम चाळीस रुपये असली तरी, वाटून टाकावी आणि त्याच बैठकीत दुसऱ्या गाण्यासाठी स्टुडिओची तारीख घ्यावी.