स्निपेट सापडत नाहीत? कॅटेगरी आणि टॅगच्या या चुका टाळा

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ भारतीय वेळेत बदलायची एक छोटीशी ओळ माझ्या स्निपेटच्या, म्हणजे पुन्हा वापरायला जपून ठेवलेल्या कोडच्या तुकड्यांच्या, संग्रहात तीन ठिकाणी होती: ‘एसक्यूएल’मध्ये, ‘तारीख-वेळ’मध्ये आणि एका जुन्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये. कॉलममध्ये टाइमझोन साठवलेला नसेल तर ‘अ‍ॅट टाइम झोन’ दोनदा लावावं लागतं, आधी यूटीसी आणि मग एशिया/कोलकाता. एकदाच लावलं तर पोस्टग्रेस त्या वेळेला आधीच भारतीय वेळ समजतो आणि ती साडेपाच तास पुढे जायच्या ऐवजी मागे जाते. ही दुरुस्ती मी एकाच प्रतीत केली होती. पुढच्या वेळी हाताला लागली ती जुनी प्रत, आणि अख्खा रिपोर्ट चुकला.

एकच स्निपेट दोन कॅटेगरींत ठेवणं, ही मला सगळ्यात महागात पडलेली चूक. कॅटेगरी म्हणजे वस्तूची जागा, आणि जागा एकच हवी. टॅग म्हणजे ती वस्तू शोधताना तोंडात येणारे शब्द. ते चार असले तरी बिघडत नाही. ‘हे कुठे टाकू?’ असा प्रश्न पडून हात अडला, की दोनपैकी एक नाव कॅटेगरी करा आणि दुसरं टॅग. प्रत काढू नका.

प्रोजेक्टच्या किंवा क्लायंटच्या नावाने कॅटेगरी करणं हीसुद्धा तशीच चूक. त्या दिवशी ते सोयीचं वाटतं, पण दोन वर्षांनी ‘ते पेजिनेशन कुठल्या कामात केलं होतं?’ हे कुणाला आठवणार? भाषा किंवा तंत्रज्ञान यांवरून सात-आठ कॅटेगरी पुरतात. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत आणखी एक, असं करत गेलात तर प्रत्येक पायरीवर नवा अंदाज बांधावा लागतो.

कॅटेगरी ‘पायथन’ असताना टॅगही ‘पायथन’ देण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा कॅटेगरी जे सांगत नाही ते टॅगने सांगावं. इथे मला ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन आठवतात. 1933 साली आलेल्या त्यांच्या कोलन वर्गीकरणात पुस्तकाचा विषय एकाच खणात कोंबलेला नसतो, तो वेगवेगळ्या पैलूंनी मांडलेला असतो. आपल्या टॅगना तीन पैलू पुरेत: काम काय (तारीख, फाइल-अपलोड), कशासोबत (जँगो, रिॲक्ट) आणि कुठली अडचण सुटते (टाइमझोन, एन्कोडिंग).

मग येतो स्पेलिंगचा गोंधळ. ‘पोस्टग्रेस’, ‘पोस्टग्रेसक्यूएल’, ‘पीजी’ हे तीन टॅग म्हणजे एकाच ढिगाचे तीन तुकडे. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर एका प्रश्नाला जास्तीत जास्त पाच टॅग देता येतात, आणि समानार्थी टॅग एका मुख्य नावाकडे वळवायची सोय आहे. या दोन्ही गोष्टी घरच्या संग्रहातही पाळाव्यात. स्निपेट साध्या टेक्स्ट फाइलींमध्ये असतील तर ग्रेप या कमांडने टॅगच्या ओळी काढा, प्रत्येक टॅग वेगळ्या ओळीवर आणा, सॉर्ट करा आणि युनिक या कमांडला मोजायला सांगा. एकदाच आलेले टॅग लगेच दिसतात. त्यातले बरेचसे टायपो किंवा जुळी नावं निघतात.

हे सगळं करूनही सापडत नसेल तर? शोधताना सगळ्यात आधी जो शब्द टाईप केला होता, तो स्निपेट मिळाल्याबरोबर त्याच्या टॅगमध्ये किंवा शीर्षकात घाला. एरर मेसेज शोधला असेल तर तो जसाच्या तसा वर्णनात चिकटवा. जुना संग्रह एका रविवारी बसून आवरायला जाऊ नका, ते काम अर्ध्यात सुटतं. जो स्निपेट वापरायला काढाल तेवढाच नीट करून परत ठेवा.

ती टाइमझोनची ओळ आता फक्त ‘एसक्यूएल’मध्ये आहे. टॅग आहेत ‘तारीख’, ‘टाइमझोन’, ‘रिपोर्ट’, आणि शीर्षक आहे ‘वेळ साडेपाच तास मागे दिसते’.