अर्पेजिएटरवरून ड्रमचा ठेका

गणेशोत्सवातील कार्यक्रमासाठी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये रात्री हेडफोन लावून ठेके बसवणाऱ्यांना मिडी कीबोर्डवरील (स्वरांच्या सूचना संगणकाला पाठवणाऱ्या कीबोर्डवरील) अर्पेजिएटर, म्हणजे दाबून धरलेल्या पट्ट्यांचे स्वर एकामागून एक आपोआप वाजवत राहणारी सोय, फार उपयोगी पडतो. जनरल मिडी या सामायिक मानकाच्या ड्रम-संचात 36 क्रमांकाचा स्वर किक (मोठा ड्रम), 38 स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम), 42 बंद हाय-हॅट (झांजांची जोडी) आणि 44 पायाची हाय-हॅट वाजवतो. अर्पेजिएटरचा क्रम ‘वाजवल्याप्रमाणे’ ठेवून, गती अष्टमांशावर (अर्ध्या मात्रेला एक स्वर) आणून, 36, 42, 38, 44 याच क्रमाने पट्ट्या दाबून धरल्या की चार मात्रांचा साधा ठेका दोनदोन मात्रांच्या आवर्तनाने चालू राहतो. हाय-हॅटसाठी दोन वेगळ्या पट्ट्या घेण्याचे कारण असे की एकच पट्टी एका फेरीत दोनदा नोंदवण्याची सोय बहुतेक कीबोर्डांत नसते. सप्तकांची व्याप्ती (स्वर किती सप्तकांत फिरावेत ते) मात्र एकच ठेवावी. ती दोन केली, तर पुढच्या फेरीत किकऐवजी 48 वरचा टॉम हा ड्रम आणि 44 ऐवजी 56 वरची काउबेल ही घंटा वाजू लागते (गंमत म्हणून ऐकायला हरकत नाही). आघाताची तीव्रता ठरावीक न ठेवता बोटांच्या दाबावर सोडावी आणि किक जोरात, हाय-हॅट हलक्या हाताने दाबावी. दादऱ्यासाठी तीनच पट्ट्या धराव्यात.