तीन रन, तीन वेगळे आकडे: व्हर्च्युअल डेस्कटॉपची टेस्ट लॅब उभारताना

पहिल्या दिवशी सर्व्हरवर ११२ सेशन, म्हणजे एकेका वापरणाऱ्याचे चालू डेस्कटॉप, बसली. दुसऱ्या दिवशी तोच सर्व्हर, तीच इमेज (सगळे डेस्कटॉप ज्या साच्यातून निघतात ती प्रत), तीच स्क्रिप्ट, आणि ९४ वर गाडी अडली. तिसऱ्या दिवशी १२१. मी तिन्हींची सरासरी काढली, रिपोर्टमध्ये १०९ लिहिलं आणि आमच्या सीनियरांकडे घेऊन गेले. त्यांनी आलेखसुद्धा बघितला नाही. म्हणाले, ‘‘सरासरी कसली काढतेस? तीन दिवसांत काय बदललं ते शोध आधी.’’ काहीच बदललं नव्हतं, असं माझं ठाम मत होतं. ते चुकीचं होतं हे कळायला दोन आठवडे लागले. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी त्या दोन आठवड्यांचीच गोष्ट सांगते.

ज्यांना व्हीडीआय हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी एवढंच: वापरणाऱ्याचं विंडोज त्याच्या टेबलावर नसतं, दूरच्या सर्व्हरवर एका व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं. त्याच्यापर्यंत येतं ते फक्त चित्र, आणि त्याच्याकडून जातात ते माउस-कीबोर्डचे इशारे. अशा एका सर्व्हरवर, म्हणजे होस्टवर, शंभरेक डेस्कटॉप एकमेकांना खेटून बसलेले असतात. बेंचमार्किंगचा प्रश्न असा, की किती जण बसेपर्यंत कोणाची तक्रार येणार नाही?

हे मोजायचं तर आधी कोण कोणत्या यंत्रावर राहणार याची वाटणी करावी लागते. ज्या होस्टची परीक्षा आहे त्यावर डेस्कटॉप सोडून दुसरं काहीही ठेवू नका. डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर), डीएनएस (नावांवरून पत्ते सांगणारा), कनेक्शन ब्रोकर (कोणाला कोणता डेस्कटॉप द्यायचा ते ठरवणारा), प्रोफाइलांचा फाइल सर्व्हर हे सगळं दुसऱ्या होस्टवर. मी सुरुवातीला जागा वाचवायला डोमेन कंट्रोलर त्याच होस्टवर ठेवला होता. लोड वाढला की तोही उपाशी राहायचा, मग लॉगिनला उशीर व्हायचा, आणि मी बिचाऱ्या स्टोरेजला दोष देत बसायचे.

आता लाँचर. हे नाव नवख्यांच्या डोक्यात उशिरा शिरतं. शंभर माणसं आणून बसवता येत नाहीत, म्हणून काही यंत्रं माणसांचं सोंग घेतात: सेशन उघडतात, आत स्क्रिप्ट वर्ड उघडते, टाइप करते, एक्सेलमध्ये खालीवर सरकते, ब्राउझर चालवते. ही यंत्रं म्हणजे लाँचर. आमच्याकडे दोनच होती, आणि प्रत्येकावर साठेक सेशन लादलेली. शिवाय लॉगिनचा आणि प्रतिसादाचा वेळ आमची स्क्रिप्ट लाँचरकडूनच मोजायची. होस्टचा प्रोसेसर ६५ टक्क्यांच्या पुढे जात नव्हता, डिस्क निवांत होती, तरी ऐंशीच्या पुढे प्रतिसाद ढासळायचा. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते दिसेना. शेवटी एका दुपारी, रन चालू असताना, सहज लाँचरचा टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर १०० टक्के. प्रत्येक सेशनचं चित्र तिथे उलगडावं लागतं, त्याचा भार कोणी धरलाच नव्हता. म्हणजे इतके दिवस मी सर्व्हरची नव्हे, लाँचरची परीक्षा घेत होते.

आम्ही लाँचर सहा केले, प्रत्येकावर वीस-पंचवीस सेशन. रन चालू असताना होस्टइतकंच लक्ष लाँचरवर ठेवायची सवय लागली ती तेव्हापासून.

वेळ लाँचरकडूनच का मोजायची? डेस्कटॉपच्या आत मोजली तर काय बिघडतं? बिघडतं ते असं, की होस्ट भरून गेला की व्हर्च्युअल मशीनला प्रोसेसरसाठी रांगेत थांबावं लागतं, आणि त्या थांबलेल्या वेळाची आतल्या विंडोजला कल्पनाच नसते. आतलं घड्याळ मागे पडून नंतर उडी मारून पुढे येऊ शकतं. लोड नसताना ते ठीक चालतं. बरोबर तेव्हा, जेव्हा तुम्हाला त्याची खरी गरज आहे, तेव्हा त्याच्यावर विसंबता येत नाही. आतल्या टास्क मॅनेजरचंही तेच. तो ४० टक्के दाखवत असतो आणि वापरणारा वैतागलेला असतो.

या रांगेचं नाव सीपीयू रेडी. माझ्या मते, नव्याने शिकणाऱ्याने एकच काउंटर नीट समजून घ्यायचा असेल तर हा. ईएसएक्सआयवर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) ईएसएक्सटॉप या टूलमध्ये तो टक्क्यांत दिसतो, पण तो मशीनच्या सगळ्या व्हीसीपीयूंची, म्हणजे तिला दिलेल्या व्हर्च्युअल प्रोसेसरांची, बेरीज असतो. दोन व्हीसीपीयूंच्या डेस्कटॉपला १० दिसले तर प्रत्येकी ५ समजायचे. व्हीसेंटर या व्हीएमवेअरच्या व्यवस्थापन टूलच्या चालू आलेखात हाच आकडा मिलिसेकंदांत येतो आणि तिथे एक नमुना २० सेकंदांचा असतो, म्हणून एका व्हीसीपीयूसाठी १००० मिलिसेकंद म्हणजे ५ टक्के. हे रूपांतर माहीत नसल्याने मी एकदा भर मीटिंगमध्ये ‘रेडी टाइम हजारावर गेला’ असं घाबऱ्या आवाजात सांगितलं होतं. प्रत्येक व्हीसीपीयूमागे ५ टक्क्यांपर्यंत सहसा चालून जातं, १० च्या आसपास माणसं बोलायला लागतात.

मग त्या तीन आकड्यांचं काय? लाँचर सुधारल्यावर आकडे वर गेले, पण तरी एकमेकांशी जुळले नाहीत. दुसरं कारण इमेजमध्ये होतं. ९४ आले त्या दिवशी सगळे डेस्कटॉप रन सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी चालू केले होते. विंडोज चालू झाल्यावर लगेच शांत बसत नाही: डिफेंडरचं स्कॅन, सर्चचं इंडेक्सिंग, अपडेटची चौकशी, शेड्यूल केलेली शंभर कामं. एका लॅपटॉपवर ते जाणवत नाही; शंभर मशीन एकाच वेळी हेच करायला लागली की होस्ट त्यातच दमतो. १२१ आले त्या दिवशी डेस्कटॉप आदल्या रात्रीपासून चालू होते, घरकाम आटपून बसलेले, कॅश गरम (लागणारा डेटा आधीच मेमरीत). म्हणजे ‘काहीच बदललं नव्हतं’ हे फक्त माझ्या दृष्टीने खरं होतं.

उपाय दोन. गोल्डन इमेज, म्हणजे ती मूळ साच्याची प्रत, शांत करा: नको त्या शेड्यूल्ड टास्क बंद, अपडेट थांबवलेलं, ऑफिस एकदा उघडून पहिल्या वेळचे सगळे प्रश्न संपवलेले. यासाठी तयार ऑप्टिमायझेशन टूल मिळतात, पण ती डोळे झाकून चालवू नका. अँटीव्हायरस बंद करून काढलेला आकडा छान दिसतो आणि प्रत्यक्षात कधीच मिळत नाही, कारण प्रत्यक्षात अँटीव्हायरस चालू असतो. स्कॅनची वेळ बदला, स्कॅनर काढू नका. दुसरा उपाय कंटाळवाणा आहे: प्रत्येक रनच्या आधी होस्ट रीबूट, डेस्कटॉप नव्याने तयार, मग ठरावीक वेळ नुसतं थांबायचं. आम्ही होस्टचा प्रोसेसर तळाला जाऊन स्थिरावेपर्यंत थांबायचो, साधारण पाऊण तास. त्या पाऊण तासात घाई करणारा माणूस या कामाला नालायक. मी होते, म्हणून सांगते.

बायोसमधली पॉवर सेटिंगही एकदा बघून घ्या. वीज वाचवणाऱ्या सेटिंगमध्ये प्रोसेसर मोकळा असताना झोपतो आणि उठायला क्षणभर घेतो, त्यामुळे कधी कधी पाच सेशनचा प्रतिसाद पन्नास सेशनपेक्षा वाईट येतो. आलेख उलटा दिसला की बहुतेक हेच असतं.

सेशन कोणत्या गतीने आत सोडायची हाही निर्णयच. सगळी एकदम सोडली तर तुम्ही लॉगिन स्टॉर्म मोजताय: सकाळी सगळे एकाच वेळी कामाला बसतात ती पंधरा-वीस मिनिटं. हळूहळू सोडली तर स्थिर काम मोजताय. दोन्ही उपयोगाचे, पण वेगळे प्रश्न आहेत, एका रनमध्ये दोन्हींची उत्तरं मागू नका. लॉगिन व्हीएसआय या टूलच्या जुन्या पद्धतीत सगळी सेशन ४८ मिनिटांत टप्प्याटप्प्याने आत यायची. त्या काळातले अनेक रिपोर्ट एकमेकांशी ताडून बघता येतात त्याचं एक कारण हेच.

त्याच टूलचा व्हीएसआयमॅक्स हा आकडा तुम्हाला जागोजागी भेटेल. चौथ्या आवृत्तीतलं त्याचं गणित साधं आहे. होस्ट रिकामा असतानाचा प्रतिसाद म्हणजे बेसलाइन. त्यात १००० मिलिसेकंद मिळवले की मर्यादा. सरासरी प्रतिसाद ती मर्यादा ओलांडेपर्यंत जितकी सेशन बसली तो व्हीएसआयमॅक्स. यातली गंमत नीट बघा. बेसलाइन वाईट असेल तर मर्यादाही वर सरकते. म्हणजे मुळातच मंद सर्व्हरला जास्त सवलत! दोन सर्व्हरची तुलना करताना नुसता व्हीएसआयमॅक्स सांगणाऱ्याला आधी बेसलाइन विचारा.

सरासरीवर माझा एकूणच राग आहे, हे कळलंच असेल. शंभरातल्या पाच जणांना प्रत्येक क्लिकला चार सेकंद लागत असतील तर सरासरी त्यांना पोटात घालते. हेल्पडेस्कला फोन मात्र तेच पाच जण करतात. म्हणून ९५ वा पर्सेंटाइल काढा, म्हणजे शंभरातले ९५ प्रतिसाद ज्याच्या आत येतात तो आकडा.

नेटवर्कचा भाग लॅबमध्ये हमखास राहून जातो, कारण लॅबमध्ये नेटवर्क फार चांगलं असतं. लाँचर आणि होस्टच्या मध्ये दोन नेटवर्क कार्डांचं एक लिनक्स मशीन राउटर म्हणून ठेवा आणि त्यावर नेटेम हे लिनक्सचं साधन वापरून मुद्दाम उशीर घाला. इथे एक खड्डा आहे. नेटेम फक्त बाहेर जाणाऱ्या पॅकेटना थांबवतो. जाऊन-येऊन ८० मिलिसेकंद हवे असतील तर दोन्ही कार्डांवर ४०-४० लावायचे. मी दोन्हींवर ८० लावून ‘चित्र पाठवणारा हा प्रोटोकॉल १६० ला मरतो’ ऐवजी ‘८० ला मरतो’ असा निष्कर्ष काढला होता. आधी पिंग करून खात्री करा, मग रन. आरडीपी (विंडोजचा स्वतःचा असा प्रोटोकॉल) वापरत असाल तर यूडीपीचा ३३८९ पोर्ट उघडा आहे ना तेही बघा. तो बंद असला तर कनेक्शन मुकाट्याने टीसीपीवर जातं, सगळं चालू दिसतं, आणि पॅकेट गळायला लागली की आकडे कोसळतात.

विंडोज सर्व्हर २०१९ आणि विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ‘युझर इनपुट डिले’ नावाचा काउंटर आला आहे. की दाबल्याचा इशारा रांगेत पडल्यापासून प्रोग्रॅमने तो उचलेपर्यंतचा वेळ तो सांगतो. चांगला आहे, पण नेटवर्कवरचा उशीर त्यात येत नाही.

बोट ते पडदा हा पूर्ण प्रवास मोजायला मला सापडलेलं सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे फोन. कॅमेरा स्लो मोशनला, सेकंदाला २४० फ्रेम. चौकटीत कीबोर्ड आणि स्क्रीन दोन्ही दिसतील असा फोन टेकवून ठेवायचा, रेकॉर्डिंग लावायचं आणि नोटपॅडमध्ये एकच अक्षर दाबायचं. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे नेत मोजायचं: की तळाला टेकली ती फ्रेम, अक्षर उमटलं ती फ्रेम. मधल्या प्रत्येक फ्रेमचे साधारण ४.२ मिलिसेकंद. २० फ्रेम आल्या तर ८४. दहा वेळा करा, आकडे मागेपुढे होतात. शंभर सेशनचा लोड चालू असताना एकशे एकावं सेशन स्वतः उघडून हे मोजलं, आणि काउंटरवरून लिहिलेली माझी दोन पानं मी त्या संध्याकाळी फाडली.

नोंदवहीबद्दल एवढंच सांगते: प्रत्येक रनला एक क्रमांक, आणि त्यापुढे आधीच्या रनपासून बदललेली एकच गोष्ट. दोन बदलल्या असतील तर तो रन फुकट. सगळं सरळ केल्यावर आमचे सलग तीन रन १३७, १३६, १३८ आले. सीनियरांनी मग आलेख बघितला.

शिकायला शंभर सेशनची गरज नाही. ३२ जीबी मेमरीचं एक यंत्र, त्यावर व्हर्च्युअल मशीन चालवायला हायपर-व्ही किंवा प्रॉक्समॉक्स, एक डोमेन कंट्रोलर, चार-पाच डेस्कटॉप, आणि लाँचर म्हणून वेगळा जुना लॅपटॉप, एवढ्यावर इथलं जवळजवळ सगळं करून बघता येतं. चार डेस्कटॉपना मुद्दाम जास्त व्हीसीपीयू द्या आणि होस्टवर दाटी होऊ द्या, तीच मजा दिसते. विंडोज ११ ला प्रत्येकी किमान ४ जीबी मेमरी, दोन कोअर आणि व्हर्च्युअल टीपीएम (सुरक्षेच्या चिपची नक्कल) लागतं हे हिशोबात धरा. विंडोज एंटरप्राइझची मूल्यांकन आवृत्ती ९० दिवस चालते; मुदत संपली की ते यंत्र दर तासाला आपोआप बंद पडतं. रात्रभराची टेस्ट लावून झोपले होते, सकाळी लॉगमध्ये बरोबर तासातासाला सेशन तुटलेली. अर्धा दिवस मी नेटवर्क तपासत होते. गोल्डन इमेज तयार केल्याची तारीख इमेजच्या नावातच लिहून ठेवा.