महाराष्ट्रातील शिक्षकांसाठी ऑस्ट्रेलियाचा मार्ग: पात्रता, व्हिसा आणि नोंदणी

ऑस्ट्रेलियातील शाळेत शिकवू इच्छिणाऱ्या परदेशी शिक्षकाला तीन वेगवेगळ्या यंत्रणांची मान्यता मिळवावी लागते, आणि त्यांपैकी एकीने दिलेला होकार दुसरीवर बंधनकारक नसतो. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट फॉर टीचिंग अँड स्कूल लीडरशिप, म्हणजे एआयटीएसएल, ही संस्था स्थलांतरासाठी शिक्षकाची पात्रता तपासते. व्हिसा देणे हे गृह व्यवहार विभागाचे काम आहे. प्रत्यक्ष वर्गात उभे राहण्याची परवानगी मात्र त्या त्या राज्याचे नियामक मंडळ देते; न्यू साउथ वेल्समध्ये ते काम नेसा करते, व्हिक्टोरियात व्हीआयटी आणि क्वीन्सलँडमध्ये क्यूसीटी. सल्लागारांच्या जाहिरातींत बहुधा केवळ व्हिसाचा उल्लेख असतो. महाराष्ट्रातील शिक्षकाची खरी कसोटी मात्र पहिल्या टप्प्यावर, स्वतःच्या बी.एड.च्या आणि नोकरीच्या कागदपत्रांत लागते, म्हणून या लेखातही त्याच टप्प्याला अधिक जागा दिली आहे.

पदवी, बी.एड. आणि पंचेचाळीस दिवस

एआयटीएसएलच्या शालेय शिक्षकांसाठीच्या मुख्य अटी अशा आहेत: विद्यापीठीय पातळीवरचे किमान ४ वर्षांचे पूर्णवेळ शिक्षण, त्यात किमान १ वर्षाचा शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम, आणि त्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून प्रत्यक्ष शाळेत, विद्यार्थ्यांसमोर, देखरेखीखाली केलेले किमान ४५ दिवसांचे अध्यापन. तीन वर्षांची बी.ए., बी.एस्सी. किंवा बी.कॉम. आणि त्यानंतरचे बी.एड. मिळून वर्षांची अट साधारणपणे पूर्ण होते. अडचण येते ती दिवसांच्या अटीत.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात एकूण २० आठवड्यांची शालेय आंतरवासिता आली. त्यामुळे २०१५ नंतर प्रवेश घेतलेल्यांना ४५ दिवस दाखवणे तुलनेने सोपे जाते. त्यापूर्वी एका वर्षाचे बी.एड. केलेल्यांच्या गुणपत्रिकेवर मात्र सराव पाठांचे गुण असतात, दिवसांचा उल्लेख नसतो. शिवाय सूक्ष्म अध्यापनाचे पाठ सहाध्यायांसमोर दिलेले असल्याने ते शाळेतील अध्यापनात धरता येत नाहीत. अशा शिक्षकांनी आपल्या अध्यापक महाविद्यालयाकडून संस्थेच्या नाममुद्रित कागदावर, प्राचार्यांच्या सहीशिक्क्यासह पत्र घ्यावे. त्यात सराव पाठ आणि छात्रसेवाकाल मिळून शाळेत एकूण किती दिवस अध्यापन केले, कोणत्या शाळेत केले, कोणत्या इयत्तांना आणि कोणते विषय शिकवले, हे सर्व स्पष्ट लिहिलेले असावे. महाविद्यालयाच्या दप्तरातील नोंदी, पाठांच्या वह्या आणि छात्रसेवाकालाचा अहवाल आधी शोधून ठेवल्यास प्राचार्यांनाही असे पत्र देणे शक्य होते. नोंदी नसताना केवळ ओळखीखातर दिलेले पत्र घेऊ नये, कारण पडताळणीत ते टिकले नाही तर खोट्या कागदपत्राचा ठपका थेट अर्जदारावर येतो आणि पुढे कित्येक वर्षे व्हिसा मिळण्याची वाट बंद होऊ शकते. महाविद्यालय बंद पडले असेल, तर संलग्न विद्यापीठाच्या संबंधित विभागाकडे लेखी अर्ज करून तिथे उपलब्ध असलेली नोंद मागवावी.

डी.एड. किंवा डी.एल.एड. झालेल्या प्राथमिक शिक्षकांना एक गोष्ट आधीच माहीत असणे आवश्यक आहे. बारावीनंतरची ही पदविका विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे, तिच्या आणि सेवाज्येष्ठतेच्या बळावर एआयटीएसएलची अट पूर्ण होईल असे गृहीत धरू नये. जिल्हा परिषदेच्या शाळेत पंधरा-वीस वर्षे उत्तम काम केलेल्या शिक्षकाला हे ऐकणे जड जाते, आणि त्याच्या कामाचे मोल त्यामुळे कणभरही कमी होत नाही. पण हे कळण्याआधी त्याने सल्लागाराला लाखांत शुल्क भरणे अधिक वेदनादायक आहे.

व्यवसायाची निवडही प्रशिक्षणाशी जुळली पाहिजे. ऑस्ट्रेलियात माध्यमिक शाळा साधारणपणे सातवीपासून बारावीपर्यंत मानली जाते. आपले बी.एड. माध्यमिक स्तराचे असेल आणि सराव पाठ आठवी-नववीला दिले असतील, तर अर्ज माध्यमिक शिक्षक या व्यवसायासाठीच करावा, मग आज आपण चौथीच्या वर्गाला शिकवत असलो तरी. कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला शिकवणारेही याच गटात येतात.

इंग्रजीची अट

आयईएलटीएस परीक्षेच्या अॅकॅडेमिक प्रकारात वाचन आणि लेखन यांत किमान ७, तर श्रवण आणि संभाषण यांत किमान ८ गुण, तेही एकाच वेळी दिलेल्या परीक्षेत, अशी एआयटीएसएलची अपेक्षा आहे. व्हिसाची किमान अट याहून बरीच सौम्य, प्रत्येक विभागात ६ गुणांची असल्यामुळे अनेकजण तेवढीच तयारी करतात आणि पहिल्याच टप्प्यावर अडकतात. इंग्रजी माध्यमातून भारतात पदवी घेतली आहे, एवढ्याने सूट मिळत नाही. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका किंवा कॅनडा येथे पुरेसे उच्च शिक्षण घेतलेल्यांनाच ती मिळते. व्याकरण पक्के असलेल्या आपल्याकडच्या शिक्षकांना लेखनातील ७ गुण आटोक्यात वाटतात, पण संभाषणातील ८ गुणांसाठी सलग, सहज आणि मुद्देसूद बोलण्याचा रोजचा सराव लागतो. ही परीक्षा सर्वांत आधी द्यावी, कारण पुढचा प्रत्येक खर्च तिच्या निकालावर अवलंबून आहे.

कोणता अनुभव मोजला जातो

गुणाधारित व्हिसासाठी, म्हणजे वय, इंग्रजी, शिक्षण आणि अनुभव यांना मिळणाऱ्या गुणांवर ठरणाऱ्या व्हिसासाठी, अर्ज करण्याचे निमंत्रण मिळण्यापूर्वीच्या १० वर्षांतील, आठवड्याला किमान २० तासांचा आणि पगारी अनुभव धरला जातो. आपल्या राज्याच्या संदर्भात या तीन अटींना फार अर्थ आहे. विनाअनुदानित शाळेत अनुदानाची वाट पाहत वर्षानुवर्षे बिनपगारी शिकवलेल्या शिक्षकांची ती वर्षे येथे मोजली जात नाहीत. ही बाब अन्यायकारक वाटली तरी अर्जात ती वर्षे पगारी म्हणून दाखवू नयेत. तासिका तत्त्वावर काम केले असेल, तर आठवड्याच्या तासिकांची नोंद असलेले पत्र आणि मानधन बँकेत जमा झाल्याचा पुरावा असल्याशिवाय दावा करू नये. खासगी शिकवणी वर्गातील अध्यापन हा शाळेतील अनुभव नव्हे. शिक्षण सेवक म्हणून काढलेला काळ मात्र पूर्णवेळ आणि मानधनावरचा असल्याने कागदपत्रांसह मांडता येतो.

पुराव्यादाखल नियुक्ती आदेश, शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता, सेवापुस्तिकेची प्रत, शालार्थ प्रणालीतील वेतनपत्रके, फॉर्म १६ आणि बँकेचे उतारे एकत्र ठेवावेत, आणि मुख्याध्यापकांकडून कामाचे स्वरूप, इयत्ता, विषय, साप्ताहिक तास आणि नेमक्या तारखा असलेले इंग्रजी पत्र घ्यावे. या सर्वांतील तारखा एकमेकींशी जुळतात का, हे अर्ज भरण्याआधी शांतपणे तपासावे. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. ते भारतात करून घेतल्यास भाषांतरकाराचे पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी आणि भाषांतराची पात्रता व अनुभव त्यावर असावा.

नावांचा प्रश्नही लहान नाही. बी.ए.ची पदवी माहेरच्या नावाने, बी.एड. सासरच्या नावाने, एका गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि पारपत्रावर शेवटी, अशी स्थिती असंख्य शिक्षिकांची असते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नाव बदलले असल्यास महाराष्ट्र शासनाचे राजपत्र सुरुवातीलाच संचात घालावे.

गुणांचा हिशेब आणि व्हिसाचे प्रकार

कुशल स्थलांतराच्या गुणाधारित व्हिसांसाठी किमान ६५ गुण लागतात आणि निमंत्रण मिळते त्या वेळी वय ४५ च्या आत असावे लागते. किमान गुण म्हणजे केवळ रांगेत उभे राहण्याचा हक्क; निमंत्रण बहुधा त्याहून अधिक गुणांना मिळते. वयाच्या २५ ते ३२ वर्षांपर्यंत ३० गुण मिळतात, ३३ ते ३९ साठी २५ आणि ४० ते ४४ साठी १५. पदवीचे १५ गुण. इंग्रजीत प्रत्येक विभागात ७ असल्यास १० आणि ८ असल्यास २० गुण. परदेशातील ३ वर्षांच्या अनुभवाला ५, पाच वर्षांना १० आणि ८ वर्षांना १५ गुण. अविवाहितांना १० गुण मिळतात. जोडीदाराला आवश्यक तेवढे इंग्रजी येत असल्यास ५, आणि त्याची स्वतःची व्यावसायिक पात्रताही मान्य झाल्यास १०.

समजा, पुण्यातील एक ३१ वर्षांची गणित शिक्षिका आहे, तिचा पगारी अनुभव ५ वर्षांचा आहे आणि इंग्रजी एआयटीएसएलच्या अटीइतके आहे. तिचे वयाचे ३०, इंग्रजीचे १०, पदवीचे १५ आणि अनुभवाचे १० मिळून ६५ गुण होतात. पतीच्या इंग्रजीचे ५ धरल्यास ७०. येथे मराठी भाषकांना एक विशेष सोय आहे: ऑस्ट्रेलियाच्या नाटी या संस्थेची सामुदायिक भाषेची सीसीएल परीक्षा मराठीतूनही देता येते आणि तिचे ५ गुण मिळतात. या परीक्षेत मराठी आणि इंग्रजी बोलणाऱ्या दोन व्यक्तींमधील दोन संवादांचे तोंडी भाषांतर करायचे असते; ९० पैकी ६३ गुण, आणि प्रत्येक संवादात ४५ पैकी किमान २९ गुण मिळवावे लागतात. दवाखाना, विमा, न्यायालय, घरभाडे अशा विषयांवरील शब्दसंग्रह दोन्ही भाषांत तयार केला, तर मराठी शिक्षकांना ती कठीण जाऊ नये. आपली शिक्षिका अशा रीतीने ७५ वर पोहोचते.

यानंतर गृह व्यवहार विभागाच्या स्किलसिलेक्ट या ऑनलाइन प्रणालीत स्वारस्यपत्र (एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट) नोंदवावे लागते. १८९ क्रमांकाचा व्हिसा कोणाच्याही प्रायोजकत्वाविना कायम वास्तव्य देतो. १९० साठी एखादे राज्य नामनिर्देशन करते आणि त्याचे ५ गुण वाढतात. ४९१ हा प्रादेशिक भागासाठीचा ५ वर्षांचा तात्पुरता व्हिसा असून त्याच्या नामनिर्देशनाचे १५ गुण मिळतात. ठरलेल्या भागात राहून आणि काम करून ३ वर्षांनंतर १९१ या कायम व्हिसासाठी अर्ज करता येतो. प्रादेशिक म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे ओसाड माळरान येते, पण या व्याख्येत सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन वगळता अॅडलेड, पर्थ, कॅनबरा आणि होबार्ट यांसारखी शहरेही येतात. मुलांच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कुटुंबाने ४९१ ला दुय्यम मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माध्यमिक शिक्षक हा व्यवसाय तिन्ही प्रकारांसाठी खुला आहे; इतर प्रकारच्या शिक्षकांनी गृह व्यवहार विभागाच्या चालू यादीत आपला व्यवसाय कोणत्या व्हिसासमोर आहे, ते पाहावे. निमंत्रण आल्यावर अर्ज भरण्यास ६० दिवस मिळतात, त्यामुळे पोलीस पडताळणी वगळता बहुतेक संच त्याआधीच तयार हवा. व्हिसाचे शुल्क सहसा दरवर्षी १ जुलैला बदलते.

शाळेनेच बोलावून घेतल्यास ४८२ क्रमांकाचा व्हिसा आहे. ७ डिसेंबर २०२४ पासून तो स्किल्स इन डिमांड या नावाने दिला जातो, त्यासाठी किमान १ वर्षाचा अनुभव पुरतो आणि तो जास्तीत जास्त ४ वर्षांचा असतो. नोकरी सुटली तर नवा प्रायोजक शोधण्यासाठी एका वेळी १८० दिवसांपर्यंत मुदत मिळते. या मार्गात गुणांची अट नसली तरी राज्याच्या नोंदणीची अट कायम राहते, आणि परदेशात बसलेल्या, नोंदणी नसलेल्या शिक्षकाला शाळा क्वचितच प्रायोजित करतात.

नोंदणी, शाळा आणि इथली नोकरी

म्हणूनच एआयटीएसएलचा निकाल हाती आल्यावर, जिथे जायचे त्या राज्याच्या मंडळाकडे नोंदणीची प्रक्रिया लगेच सुरू करावी. मंडळ पात्रता स्वतंत्रपणे तपासते आणि शिक्षकाच्या गुन्हेगारी पूर्वेतिहासाची पडताळणी करते. बहुतेक नवागतांना आधी तात्पुरती नोंदणी मिळते, आणि तिथल्या वर्गातील कामाचे पुरावे सादर केल्यावर ती पूर्ण होते. गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्यांना शाळा तुलनेने सहज मिळतात. मराठी आणि इतिहास या अध्यापन पद्धती घेतलेल्यांना मात्र इतिहास-समाजशास्त्राच्या मोजक्या जागांसाठी स्पर्धा करावी लागते. त्यांनी आपल्या पदवीत इंग्रजी किंवा अन्य शालेय विषय पुरेशा प्रमाणात होता का, हे मंडळाला आधीच विचारून घ्यावे. तिथले शालेय वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपते आणि त्यात चार सत्रे असतात, त्यामुळे पुढील वर्षाच्या जागांसाठी तिसऱ्या-चौथ्या सत्रातच अर्ज करावेत. पहिल्या काही महिन्यांत रजेवरील शिक्षकांच्या जागी दिवसाच्या बोलीवर काम करण्याची तयारी ठेवल्यास शाळांशी ओळख होते.

सल्लागार घ्यायचा असेल, तर त्याच्याकडे ऑस्ट्रेलियाच्या स्थलांतर सल्लागार नोंदणी प्राधिकरणाचा क्रमांक आहे का, हे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. भारतात बसून काम करणाऱ्यांना ही नोंदणी सक्तीची नाही, म्हणूनच ती असणाऱ्याला प्राधान्य द्यावे. व्हिसाची हमी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत, कारण निर्णय त्याच्या हातात नसतो.

शासकीय, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतील शिक्षकाने पारपत्रासाठी लागणारे ना हरकत प्रमाणपत्र किंवा पूर्वसूचनेचे पत्र वेळेवर घ्यावे. व्हिसा प्रत्यक्ष मंजूर होऊन राज्याची नोंदणी मिळेपर्यंत राजीनामा देऊ नये. दीर्घ रजा मंजूर होऊ शकते का, भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तिवेतनावर काय परिणाम होईल, हे शिक्षणाधिकारी कार्यालयातून किंवा संस्थेकडून लेखी घ्यावे, आणि ते उत्तर येईपर्यंत विमानाचे तिकीट काढू नये.