माती वाहून जात होती, मदत काउंटीतच होती

ओहायोत सात एकर घेतलं आणि पहिल्याच वसंतातल्या पावसात उतारावरची माती ओढ्यात गेली. पाणी अगदी चहासारखं! जीव तुटला. तीन आठवडे मी नेटवर नुसतं 'ग्रँट' शोधत बसले, चूक तिथेच झाली. शेवटी फार्मर्स डॉट गव्ह या सरकारी साइटवर आमची काउंटी (म्हणजे जिल्हा) टाकली, यूएसडीए म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या इथल्या सर्व्हिस सेंटरचा नंबर मिळाला. आधी एफएसएकडे, म्हणजे याच खात्याच्या शेतांची नोंद ठेवणाऱ्या विभागाकडे, डीड (जमिनीचं खरेदीखत) दाखवून फार्म नंबर काढला, मग एनआरसीएस या माती-पाणी जपणाऱ्या विभागाकडे 'इक्विप'चा, म्हणजे अशा कामांना पैसे देणाऱ्या योजनेचा, अर्ज केला. तिथले गृहस्थ स्वतः शेतावर आले, फावड्याने ढेकूळ उपटून हातात चुरगळून दाखवलं आणि कव्हर क्रॉप, म्हणजे माती झाकून धरायला पेरायचं पीक, सुचवलं. एक मात्र लक्षात ठेवा, करारावर सही होण्याआधी काम सुरू केलं तर त्याचे पैसे मिळत नाहीत. मी पेरायला निघालेच होते, थोडक्यात वाचले.