वर्षकुंडली मांडायची आणि वाचायची रीत

जन्माच्या वेळी रवी ज्या राशीत, ज्या अंश-कला-विकलांवर होता, नेमक्या त्याच जागी तो दरवर्षी परत येतो. त्या क्षणाला वर्षप्रवेश म्हणतात आणि त्या क्षणाची कुंडली म्हणजे वर्षकुंडली. वाढदिवस तिथीने करा वा तारखेने, वर्षप्रवेश रवीवरूनच ठरतो. कधी तो वाढदिवसाच्या आदल्या दिवशी येतो, कधी दुसऱ्या दिवशी. पुढचं सगळं फळ या एका वेळेवर उभं असल्यामुळे सर्वांत जास्त कष्ट इथेच घ्यावे लागतात.

निरयन (स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेलं) सौरवर्ष 365 दिवस 6 तास 9 मिनिटं 10 सेकंदांचं असतं. 365 दिवसांतून पूर्ण आठवडे वजा केले की एक वार उरतो. म्हणून प्रत्येक गतवर्षासाठी जन्मवार आणि जन्मवेळेत 1 वार, 6 तास, 9 मिनिटं, 10 सेकंद मिळवायचे. समजा, जन्म पुण्यात, 15 ऑगस्ट 1985, गुरुवार, सकाळी 10:20. 2025 मध्ये गतवर्षे 40. चाळीस पट केली की 50 दिवस 6 तास 6 मिनिटं 40 सेकंद होतात. साताने भागून वार उरतो 1. गुरुवार अधिक एक म्हणजे शुक्रवार, आणि वेळ दुपारी 4:26. 15 ऑगस्ट 2025 ला शुक्रवारच होता, म्हणजे वार जुळला. वार जुळला नाही तर पुढे जाऊच नका. बहुतेक वेळा गतवर्षे मोजण्यात चूक झालेली असते. चाळीस पूर्ण झाली की गतवर्षे 40 आणि चालू वर्ष एकेचाळिसावं. इथे एकाचा घोळ झाला की मुंथाही (जन्मलग्नापासून दर वर्षी एक रास सरकणारा बिंदू) एक घर सरकते.

जुन्या सारण्यांत दर वर्षाचा ध्रुवांक 1 वार 15 घटी 31 पळं 30 विपळं दिलेला असतो, म्हणजे 6 तास 12 मिनिटं 36 सेकंद. हे सूर्यसिद्धांताचं वर्षमान आहे. दर वर्षी फरक साडेतीन मिनिटांच्या आतलाच, पण चाळीस वर्षांत तो सव्वादोन तासांवर जातो. आपल्या उदाहरणात दुपारी 4:26 ला पुण्यात धनु लग्न (पूर्व क्षितिजावर उगवणारी रास) आहे. जुन्या ध्रुवांकाने वेळ संध्याकाळी 6:44 येते आणि लग्न मकर होतं. म्हणजे सगळी घरं बदलली! आमच्या मते आज दृक् गणितच (प्रत्यक्ष वेधांशी जुळणारं) धरावं. वरचा हिशोबही मध्यम (सरासरी) मानाचा आहे. रवी प्रत्यक्षात त्या विकलेवर काही मिनिटं मागेपुढे पोहोचतो. तेव्हा हाताने केलेलं गणित पडताळ्यासाठी ठेवा आणि नेमका क्षण सॉफ्टवेअरमधून घ्या.

सॉफ्टवेअरमध्येही दोन ठिकाणी घसरायला होतं. जन्मकुंडली आणि वर्षकुंडली यांना एकच अयनांश (सायन आणि निरयन राशिचक्रांतलं अंतर) हवा. आणि पाश्चात्य पद्धतीचं सोलर रिटर्न सायन (वसंतसंपातापासून मोजलेलं) असतं. चाळीस वर्षांनंतर ते निरयन वर्षप्रवेशाच्या सुमारे साडेतेरा तास आधी येतं. सप्टेंबर 1942 ते ऑक्टोबर 1945 या काळातला जन्म असेल, तर युद्धकाळात घड्याळं एक तास पुढे होती हे विसरू नका. परदेशी राहणाऱ्यांसाठी क्षण तोच राहतो, फक्त लग्न बदलतं. परंपरेने जन्मस्थळ धरतात, काही जण राहतं गाव धरतात. एक पद्धत ठरवा आणि दरवर्षी तीच ठेवा.

आता मुंथा. जन्मलग्नापासून ती दर वर्षी एक रास पुढे जाते. गतवर्षांत जन्मलग्नाचा अंक मिळवून बाराने भागा. बाकी येईल ती मुंथेची रास, बाकी शून्य आली तर मीन. आपल्या उदाहरणात जन्मलग्न कन्या (6). 40 अधिक 6 म्हणजे 46, बाकी 10, म्हणून मुंथा मकरेत, वर्षलग्नापासून दुसऱ्या घरात. ताजिकात (वर्षफळाच्या या पद्धतीत) मुंथा 9, 10, 11 मध्ये उत्तम, 1, 2, 3, 5 मध्ये चांगली आणि 4, 6, 7, 8, 12 मध्ये कष्टाची मानतात.

वर्षाचा राजा, म्हणजे वर्षेश, पाच अधिकाऱ्यांतून निवडायचा. मुंथेश (मुंथेच्या राशीचा स्वामी) शनी, जन्मलग्नेश बुध, वर्षलग्नेश गुरू. चौथा त्रिराशिपती (वर्षलग्नाच्या राशीवरून सारणीतून मिळणारा ग्रह), धनु लग्नाला तो दिवसा-रात्री दोन्ही वेळा शनीच. पाचवा दिनरात्रिपती: वर्षप्रवेश दिवसा असेल तर रविराशीचा स्वामी, रात्री असेल तर चंद्रराशीचा. इथे रवी कर्केत, म्हणून चंद्र. जो बलवान असेल आणि लग्नाला पाहत असेल, तो वर्षेश. ताजिक दृष्टी पाराशरी दृष्टीहून वेगळी आहे: 3, 5, 9, 11 मित्रदृष्टी, 1, 4, 7, 10 शत्रुदृष्टी, आणि 2, 6, 8, 12 मधून दृष्टीच नाही. कर्केतला बुध धनु लग्नापासून आठवा, म्हणून तो बाद. मीनेतला शनी चौथा, मिथुनेतला गुरू सातवा, मेषेतला चंद्र पाचवा, तिघेही पाहतात. मग पंचवर्गीय बळ काढा: स्वगृह 30, उच्च 20, हद्दा (राशीच्या पाच असमान भागांपैकी एक) 15, द्रेष्काण (राशीचा तिसरा हिस्सा) 10, नवमांश (राशीचा नववा हिस्सा) 5, एकूण 80, त्याला चाराने भागून वीस विश्वे (बळाचे गुण). उच्चबळासाठी नीचांशापासूनचं अंतर नऊने भागायचं. मिथुनेच्या 21 अंशांवरच्या गुरूला 18.4 मिळतात, मीनेच्या 7 अंशांजवळच्या शनीला 5 च्याही आत. शनीकडे दोन अधिकार असले तरी या वर्गात गुरू फार पुढे आहे. बाकीचे चार वर्ग मोजून निकाल लावा. चंद्राला सहसा थेट वर्षेश करत नाहीत, त्याचा इत्थशाल ज्या ग्रहाशी असेल त्याला मान देतात.

इत्थशाल म्हणजे शीघ्र ग्रह कमी अंशांवर, मंद ग्रह जास्त अंशांवर, दोघांत दृष्टी आणि अंतर दीप्तांशात (ग्रहाचा प्रभाव पोहोचतो त्या अंशांच्या मर्यादेत). दीप्तांश रवी 15, चंद्र 12, मंगळ 8, बुध 7, गुरू 9, शुक्र 7, शनी 9. आपला चंद्र सुमारे 18 अंशांवर, गुरू 21 वर, दृष्टी मित्राची. हा स्वच्छ इत्थशाल आहे. शीघ्र ग्रह पुढे निघून गेला की ईसराफ होतो, म्हणजे काम हातातून सुटत चाललेलं. हा भेद न पाहता नुसती युती वा दृष्टी सांगितली की फळ उलटं निघतं.

जन्मलग्नाचीच रास वर्षलग्नी आली, किंवा जन्मलग्नापासून आठवी रास आली, तर वर्ष जपून काढायचं मानतात. पण जन्मकुंडलीत जे नाही ते वर्षकुंडली देत नाही; आधी चालू महादशा पाहा, मगच वर्ष सांगा. सहमांच्या (एकेका विषयासाठी गणिताने काढलेल्या बिंदूंच्या) मागे सुरुवातीला लागू नका, पुण्यसहम पुरे.

महिन्यांचा अंदाज मुद्दा दशेवरून (विंशोत्तरी दशेचं एका वर्षात बसवलेलं रूप) येतो. जन्मनक्षत्राचा अंक (अश्विनी 1) अधिक गतवर्षे, वजा 2, भागिले 9. बाकी 1 ते 8 असेल तर क्रमाने रवी, चंद्र, मंगळ, राहू, गुरू, शनी, बुध, केतू, आणि 0 असेल तर शुक्र. रोहिणी नक्षत्र आणि गतवर्षे 30 असतील तर 32, बाकी 5, म्हणून वर्षाची सुरुवात गुरूच्या दशेने. दिवस म्हणजे विंशोत्तरी वर्षांची तिप्पट: रवी 18, चंद्र 30, मंगळ 21, राहू 54, गुरू 48, शनी 57, बुध 51, केतू 21, शुक्र 60. बेरीज 360 येते, म्हणून तारखा मांडताना प्रत्येक दशा त्या प्रमाणात किंचित वाढवून 365 दिवसांवर बसवा, नाहीतर शेवटच्या दशेनंतर पाच दिवस मोकळे राहतात.