समुद्री टाकीतल्या माशांना औषध देताना या चुका टाळा

टँग माशाच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले की हात लगेच औषधाच्या बाटलीकडे जातो. बाटली जरा खाली ठेवा. मुख्य टाकीत औषध ओतणं हीच सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

डिस्प्लेमध्ये (मुख्य टाकीत) कॉपर

मरीन इक (हेच ते पांढरे ठिपके) आणि व्हेल्वेट या परजीवींमुळे होणाऱ्या दोन्ही आजारांवर कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, उत्तम काम करतं. पण मासा जेवढं कॉपर सोसतो तेवढ्यात कोरल, कोळंबी, गोगलगायी, अ‍ॅनिमोन मरतात. शिवाय लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड) आणि वाळू असते कॅल्शियम कार्बोनेटची, ती कॉपर शोषून घेते. सकाळी बरोबर डोस दिला तरी संध्याकाळी टेस्टमध्ये पातळी उतरलेली दिसते. मग आपण आणखी घालतो. परजीवी मरेल एवढी पातळी टिकत नाहीच, आणि दगडात बसलेलं कॉपर पुढे हळूहळू पाण्यात सुटत राहण्याचा धोका मात्र उरतो. बाटलीवर ‘रीफ सेफ’ लिहिलेल्या औषधांवरही इकच्या बाबतीत माझा भरवसा नाही. जे कोरलला काहीच करत नाही, ते बहुतेक वेळा परजीवीलाही फारसं काही करत नाही.

म्हणून हॉस्पिटल टँक, म्हणजे उपचारासाठी वेगळी छोटी टाकी, हवीच. त्यात वाळू नको, दगड नको. हीटर, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे एवढं पुरतं. स्पंज मात्र आधीपासून निरोगी टाकीच्या सम्पमध्ये (फिल्टरच्या जोडटाकीत) ठेवून मुरवलेला, म्हणजे उपयोगी जिवाणू बसलेला असावा. कोऱ्या फिल्टरवर मासे ठेवले की अमोनिया चढतो, आणि मग मासा आजाराने गेला की अमोनियाने, हेही कळत नाही. अमोनिया चढला तर पाणी बदला आणि नव्या पाण्यापुरतं कॉपर मोजून घाला. अमोनिया बांधणारं केमिकल कॉपरसोबत वापरू नका. त्याने कॉपरचं रूप बदलून ते माशांना जास्त विषारी होऊ शकतं.

अंदाजाने डोस

आयॉनिक (पाण्यात मोकळ्या) कॉपरची उपचाराची पातळी साधारण 0.2 पीपीएम (दहा लाख भागांतले भाग). चिलेटेड (दुसऱ्या रेणूंना बांधलेल्या) कॉपरची बरीच औषधं 2 पीपीएमच्या आसपास चालवतात. म्हणजे दहापट फरक! एका औषधाचा आकडा दुसऱ्याला लावला तर एक तर उपचार फुकट जातो, नाहीतर मासा जातो. बाटलीवरचीच पातळी धरा आणि आपल्या प्रकारचं कॉपर मोजणारी किटच घ्या.

पाणी किती आहे तेही मोजून बघा. 60 बाय 30 सेंमीच्या टाकीत 30 सेंमी पाणी भरलं तर ते 54 लिटर होतं. टाकीच्या खोक्यावर छापलेला आकडा काचेच्या कडेपर्यंतचा असतो. रास जातीचे मासे आणि छोटे एंजलफिश कॉपरला नाजूक, त्यांच्यासाठी पातळी काही दिवसांत हळूहळू चढवा. फिल्टरमधला कार्बन काढायला विसरू नका, तो औषध ओढून घेतो.

आजार न ओळखता औषध

व्हेल्वेटमध्ये ठिपके बारीक, धुळीसारखे असतात. मासा जोरजोरात श्वास घेतो, पंपाच्या धारेत तोंड घालून राहतो, उजेड टाळतो. इथे वाट बघायला वेळ नसतो, एक-दोन दिवसांत मासे जाऊ शकतात. क्लाऊनफिशच्या अंगावर चिकट पांढरट थर चढून साल निघाल्यासारखं दिसलं तर ब्रुकलिनेला या परजीवीचा संशय घ्या. त्यावर कॉपर चालत नाही, फॉर्मॅलिन (फॉर्मल्डिहाइडचं द्रावण) लागतं. फॉर्मॅलिनने पाण्यातला ऑक्सिजन उतरतो, तेव्हा एअर स्टोन जोरात चालू ठेवा.

ठिपके गेले म्हणून उपचार बंद

इथे भलेभले फसतात. ठिपका नाहीसा होतो तेव्हा परजीवी मेलेला नसतो, तो फक्त मासा सोडून खाली पडलेला असतो. तळाशी कवच धरून तो वाढतो आणि त्यातून नवी पिल्लं पोहत बाहेर पडतात. कॉपर मारतं ते या पोहणाऱ्यांना. माशाच्या कातडीत रुतलेल्याला किंवा कवचातल्याला नाही. म्हणून पातळी एकदाही खाली न येऊ देता पूर्ण मुदत भरायची, साधारणपणे 30 दिवस.

इकडे डिस्प्लेत एकही मासा नको. आजारी दिसणारा एकच काढून बाकीचे ठेवले तर इक त्यांच्यावर जगत राहतो. कवचातला परजीवी बराच काळ तग धरतो, म्हणून टाकी माशांविना 76 दिवस ठेवण्याची पद्धत आहे. कोरल, गोगलगायी तिथेच राहू द्या. जाळी, नळी, बादली मात्र दोन्ही टाक्यांची वेगळी ठेवा.

बरेच जण डिस्प्लेतच औषध टाकतात ते मासा हाती लागत नाही म्हणून. दिवसा जाळी घेऊन मागे लागू नका, आजारी मासा आणखी खचतो. दिवे गेल्यावर तासाभराने मंद टॉर्चने बघा, बरेच मासे ठरलेल्या कपारीत झोपलेले सापडतात. तरीही जमलं नाही तर बहुतेक पाणी स्वच्छ पिंपांत काढा, दगड त्यातच बुडवून ठेवा, उथळ पाण्यात मासे सावकाश डब्यात घ्या आणि तेच पाणी परत भरा. संध्याकाळभराचं काम आहे.